महाराजा चंदुलाल

महाराजा चंदुलाल (१७६६ – १८४५) हे हैदराबाद संस्थानाचे पेशकार आणि नंतर दिवाण होते. १८०६ ते १८४३ या सुमारे ३७ वर्षांत निजामाच्या राज्याची तिजोरी प्रत्यक्षात त्यांच्या हाती होती. तिसरे निजाम सिकंदरजाह आणि चौथे निजाम नासिरुद्दौला या दोघांच्या कारकिर्दीत त्यांनी काम केले. ‘शादान’ या टोपणनावाने ते उर्दू व फारसी काव्यरचना करीत. दानशूर म्हणून त्यांचा लौकिक मोठा असला, तरी राज्यकारभाराच्या इतिहासात त्यांचे नाव मुख्यतः दोन गोष्टींशी जोडले जाते. एक म्हणजे जमीनमहसुलाचा मक्ता लिलावाने देण्याची पद्धत आणि दुसरी म्हणजे त्याच महसुलाच्या तारणावर जबर व्याजाने काढलेली कर्जे. या दोन्हींचा भार मराठवाडा आणि वऱ्हाडावर, विशेषतः औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) सुभ्यावर पडला.

घराणे आणि उदय

चंदुलाल यांचे घराणे खत्री होते. अकबराच्या दरबारातील राजा तोडरमल हे आपले पूर्वज होत, असे हे घराणे सांगत असे. त्यांचे पूर्वज पहिले निजाम आसफजाह यांच्याबरोबर दिल्लीहून दक्षिणेत आले आणि जकात व हिशेबाच्या खात्यांत स्थिरावले. चंदुलाल यांची उमेदवारीही जकात खात्यातच झाली. हिशेबातील हुशारी आणि इंग्रज रेसिडेन्सीशी जुळवून घेण्याची तयारी या दोन गुणांवर ते पुढे आले. दिवाण मीर आलम आणि इंग्रज या दोघांच्या पाठिंब्याने १८०६ मध्ये त्यांची पेशकारपदी नेमणूक झाली.

१८०८ मध्ये मीर आलम यांचे निधन झाले आणि त्यांचे जावई मुनीर-उल-मुल्क दिवाण झाले. मात्र कारभारात हात घालायचा नाही, या अटीवरच त्यांना हे पद मिळाले होते. त्यामुळे दिवाण नावापुरते राहिले आणि सत्ता पेशकारांकडे आली. १८३२ मध्ये मुनीर-उल-मुल्क वारल्यावर दिवाणीची सूत्रे उघडपणे चंदुलाल यांच्याकडे आली. या दीर्घ सत्तेचा आधार रेसिडेन्सीची मर्जी हाच होता आणि त्या मर्जीची किंमत रोख पैशांत चुकवावी लागत होती.

खर्चाचे मूळ

रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या काळात निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायती फौज उभी राहिली. प्रारंभी तिला रसेल ब्रिगेड म्हणत; पुढे ती हैदराबाद कंटिंजंट म्हणून प्रसिद्ध झाली. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (अंबाजोगाई), एलिचपूर (अचलपूर) आणि हैदराबादजवळचे बोलारम येथे तिची ठाणी होती. या फौजेचा खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपयांवर गेला. तैनाती फौजेच्या मोबदल्यात निजामाने १८०० मध्येच मोठा प्रदेश कंपनीला दिलेला होता. कंटिंजंटचा खर्च हा त्यापलीकडचा होता.

पगार दरमहा चुकता करावा लागे. महसूल मात्र खरीप आणि रब्बीच्या हप्त्यांनीच येई आणि पाऊस चुकला तर तोही येत नसे. मधल्या महिन्यांची तोंडमिळवणी सावकाराकडून होई. कोणत्याही शेतीप्रधान राज्याला हे नवीन नव्हते. पेशवाईतही फौजेचा खर्च सावकारी कर्जावर आणि वरातींवर चाले. वरात म्हणजे अमुक परगण्याच्या वसुलातून अमुक रक्कम अमक्याला द्यावी, असा हुकूम. हैदराबादमध्ये वेगळेपण होते ते व्याजाच्या दरात आणि मक्त्याच्या मुदतीत.

मक्ता आणि भांडवल

चंदुलाल यांच्या कारभारात परगणे आणि तालुके मक्त्याने दिले जात. जो सर्वांत मोठी बोली बोलेल आणि वर रोख नजराणा भरेल, त्याला एका तालुक्याचा वसूल करण्याचा हक्क मिळे. ठरलेली रक्कम सरकारात भरून वर उरेल तो मक्तेदाराचा नफा. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर हा भाड्याच्या उत्पन्नात केलेला गुंतवणुकीचा सौदा होता. आज पैसा द्यायचा आणि त्या बदल्यात जमिनीचे येणारे उत्पन्न विकत घ्यायचे, असा त्याचा आशय होता.

बहुतेक मक्तेदार हा पैसा स्वतःच्या गाठीतून घालीत नसत. नजराणा आणि पहिला हप्ता ते सावकाराकडून उचलीत आणि सावकाराला हमी म्हणून अरब किंवा रोहिला जमादार उभा करीत. जमादार आपल्या हमीबद्दल वेगळा वाटा घेई. मक्ता मुदतीचा असला तरी मध्येच दुसऱ्याने जास्त बोली केली की तो काढून घेतला जाई. त्यामुळे मक्तेदाराला पुढच्या हंगामापर्यंतही खात्री नसे. चढ्या व्याजाचे कर्ज डोक्यावर असताना आणि वसुलीला एकच वर्ष हाताशी असताना विहीर दुरुस्त करणे, तगाई देणे किंवा पडीक जमीन कौलाने लागवडीला देणे त्याला परवडत नसे. या कामांचे फळ तीन-चार वर्षांनी मिळते. व्याज मात्र पहिल्या महिन्यापासून चालू होते. परिणामी वसूल आधीच्या पिकातून, बैलजोडीतून आणि कुणब्याच्या घरातल्या भांड्यांतून होऊ लागला. अनेक गावांतील कुळे सरहद्द ओलांडून कंपनीच्या मुलखात निघून गेली.

मक्तेदार क्रूर होते म्हणून मुलूख उजाड झाला, असे इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनावरून वाटते. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. त्याच देशमुख-देशपांड्यांनी आणि त्याच सावकारांनी लांब मुदतीच्या कौलाच्या काळात गावे वसवलीही होती. मुदत तुटली आणि व्याज चढले, तेव्हा सौम्यपणे वागणाऱ्या मक्तेदाराचे दिवाळे निघू लागले.

औरंगाबाद आणि वऱ्हाडकडील कारभार चंदुलाल यांचे बंधू राजा गोविंदबक्ष यांच्याकडे होता. त्यांच्या नावाचा गोविंदबक्षी रुपया औरंगाबाद भागात पुढे बराच काळ चलनात होता. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये वेगवेगळ्या भावाने चालत. त्यामुळे वसूल एका रुपयात, फौजेचा पगार दुसऱ्या रुपयात आणि कर्जाची परतफेड तिसऱ्या रुपयात, अशी स्थिती होई. या अदलाबदलीत द्यावा लागणारा बट्टा हे कर्जावरचे आणखी एक न दिसणारे व्याज होते.

पामर आणि कंपनी

१८१४ च्या सुमारास हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी उभी राहिली. विल्यम पामर हे पुणे दरबारातील एकेकाळचे रेसिडेंट जनरल पामर आणि मोगल घराण्यातील फैजबक्ष बेगम यांचे पुत्र. त्यांनी निजामाच्या फौजेतही नोकरी केली होती. पेढीत बंकटीदास हे गुजराती सावकार भागीदार होते. पुढे सर विल्यम रंबोल्ड हेही भागीदार झाले. रंबोल्ड यांची पत्नी ही गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या छत्राखाली वाढलेली होती. (हे हेस्टिंग्ज म्हणजे मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज, त्यांच्या आधीचे वॉरन हेस्टिंग्ज नव्हेत.)

देशी राजांना ब्रिटिश प्रजाजनांनी कर्ज देण्यास १७९७ च्या कायद्याने बंदी होती. त्यासाठी सरकारची संमती लागे. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरलनी पामर यांच्या पेढीला ती संमती दिली. दुसरीकडे १७७३ च्या कायद्याने ब्रिटिश प्रजाजनांना द. सा. द. शे. १२ हून अधिक व्याज घेण्यास मनाई होती. निजामाचे राज्य कंपनीच्या हद्दीबाहेर असल्याने ही मर्यादा तेथे लागू होत नाही, असा पेढीचा पक्ष होता. पेढीचा दर २५ टक्क्यांपर्यंत होता.

या दराने घेतलेले कर्ज फेडले नाही आणि व्याज मुद्दलात मिळवत गेले, तर ते तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. ६ टक्क्यांनी तेवढे होण्यास १२ वर्षे लागतात. मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीचे उत्पन्न कोणत्याही उपायाने तीन वर्षांत दुप्पट होण्यासारखे नव्हते.

औरंगाबाद व्यवस्था

वऱ्हाड आणि औरंगाबादकडील घोडदळाचा पगार चुकता करण्यासाठी चंदुलाल यांनी पामर यांच्या पेढीशी जो करार केला, तो औरंगाबाद व्यवस्था या नावाने ओळखला जातो. पेढीने दरमहा सुमारे २ लाख रुपये फौजेला द्यावेत आणि त्या बदल्यात वर्षाला सुमारे ३० लाखांच्या वसुलाच्या वराती पेढीला लावून द्याव्यात, असे त्याचे स्वरूप होते.

वर्षाला द्यायचे २४ लाख आणि नेमून दिलेला वसूल ३० लाख. मधले ६ लाख हे २४ लाखांच्या बरोबर २५ टक्के भरतात. मात्र २४ लाख एकदम द्यावे लागत नव्हते. पहिला हप्ता वर्षभर अडकून पडे, तर शेवटचा जेमतेम महिनाभर. त्यामुळे वसूल वर्षअखेरीपर्यंत पुरता आला, तर पेढीच्या भांडवलावर पडणारा प्रत्यक्ष दर २५ टक्क्यांच्या दुपटीजवळ जाई. वसूल कमी पडला, तर राहिलेली बाकी व्याजासह निजामाच्या खाती चढे. दोन्ही बाजूंनी तोटा राज्याचाच होता.

फौजेला मात्र या व्यवस्थेने वेळेवर पगार मिळू लागला आणि इंग्रजांना तेवढे पुरेसे होते. चंदुलाल यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पगार थकला असता, तर रेसिडेन्सीने त्यांना पदावर ठेवले नसते. आणि निजाम आपल्या खासगी खजिन्यातून राज्यकारभाराला पैसा देण्यास नाखूश असत. स्वस्त भांडवल पुरवील असा सावकार तेव्हा हैदराबादेत नव्हता. राज्याची पत जितकी खालावे तितका व्याजाचा दर चढे, आणि दर चढला की पत आणखी खालावे.

साठ लाखांचे कर्ज आणि मेटकाफ

१८२० मध्ये पेढीने ६० लाख रुपयांचे नवे कर्ज देऊ केले. जुनी देणी फेडणे, फौजेची थकबाकी चुकवणे आणि शेतकऱ्यांना तगाई देणे, ही त्याची सांगितलेली कारणे होती. कलकत्त्याच्या कौन्सिलमध्ये मतभेद असूनही गव्हर्नर जनरलनी त्याला मंजुरी दिली.

त्याच वर्षाच्या अखेरीस चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून हैदराबादेत आले आणि त्यांनी हिशेब तपासायला घेतले. ६० लाखांपैकी ८ लाख ही पेढीने स्वतःसाठी लावून घेतलेली वरची रक्कम होती. उरलेल्यांपैकीही बराच भाग म्हणजे जुन्याच खात्यावरील बाकी नव्या खात्यावर फिरवलेली होती. ज्या तगाईच्या नावाने कर्ज मंजूर झाले, ती शेतापर्यंत पोचली नव्हती. मेटकाफ यांनी हे प्रकरण लावून धरले आणि त्यासाठी गव्हर्नर जनरलची नाराजीही पत्करली. कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी पेढीविरुद्ध भूमिका घेतली. पुढे १८२५ मध्ये लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये या व्यवहारांवर मोठी चर्चा झाली.

मेटकाफ यांनी मक्त्याच्या जागी गाववार ठराव सुरू केले. काही वर्षांसाठी साऱ्याची रक्कम निश्चित करून पाटलांना कौल द्यायचे आणि त्यावर युरोपीय अधिकाऱ्यांची देखरेख ठेवायची, अशी ही पद्धत होती. चंदुलाल यांना ती मनापासून पटलेली नव्हती. त्यांच्या हातातील सर्वांत मोठे साधन, म्हणजे मक्ते वाटण्याचा अधिकार, तिने काढून घेतला होता.

पेशकशीची विक्री

पामर यांचे कर्ज फेडण्यासाठी १८२३ मध्ये जो मार्ग काढण्यात आला, तो या सर्व प्रकरणातील सर्वांत बोलका व्यवहार आहे. आंध्रच्या किनाऱ्यावरील उत्तर सरकार हा प्रदेश कंपनीकडे होता आणि त्याबद्दल कंपनी निजामाला वर्षाला ७ लाख रुपये पेशकश देत असे. अर्थाने ते त्या प्रदेशाचे कायमचे भाडेच होते. हा हक्क निजामाने कंपनीला १ कोटी १६ लाख ६६ हजार ६६६ रुपयांना विकून टाकला आणि त्या रकमेतून पेढीचे देणे भागवले.

ही विचित्र वाटणारी रक्कम ६ टक्के दराने काढलेली आहे. १ कोटी १६ लाख ६६ हजार ६६६ रुपयांचे ६ टक्के व्याज बरोबर ७ लाख होते. कायम मिळणाऱ्या उत्पन्नाची किंमत ही त्या वेळच्या व्याजदरावर ठरते; दर जितका कमी, तितकी किंमत जास्त. हेच ७ लाखांचे उत्पन्न १२ टक्क्यांनी मोजले असते, तर त्याचे ५८ लाख ३३ हजार आले असते, आणि पामर यांच्या २५ टक्क्यांनी मोजले असते, तर केवळ २८ लाख.

कंपनीच्या पतीने ठरलेला ६ टक्क्यांचा दर लागू झाल्यामुळे निजामाला त्या उत्पन्नाची भरघोस किंमत आली. व्यवहार म्हणून ही विक्री फायद्याचीच होती, कारण ६ टक्क्यांचे उत्पन्न विकून २५ टक्क्यांपर्यंतचे कर्ज फिटत होते. पण औरंगाबाद आणि वऱ्हाडाच्या जमिनीला असा दर कोणी लावीत नव्हते. तेथील महसूल सावकाराच्या दरानेच मोजला जाई. म्हणून चांगल्या काळ्या जमिनीचा तालुका तीन-चार वर्षांच्या वसुलाच्या किमतीत तारण पडत होता.

कर्ज फिटल्यावर सरकारी संरक्षण गेलेली पामर यांची पेढी १८२४ मध्ये बुडाली. तिच्यात ठेवी ठेवणाऱ्या अनेकांचे पैसे त्यात गेले. विल्यम पामर हैदराबादेतच राहिले आणि १८६७ मध्ये तेथेच वारले.

पुन्हा मक्ते, पेस्तनजी मेहेरजी

१८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर आले. त्यांच्या मागणीवरून युरोपीय देखरेख काढून घेण्यात आली आणि मक्त्यांची पद्धत परत आली. पामर यांची जागा आता हैदराबादचे सावकार, अरब जमादार आणि तारापूरचे (आजचा पालघर जिल्हा) पारशी व्यापारी मेहेरजी बंधू यांनी घेतली. विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे मूळचे व्यापारी. १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातून मुंबईला मोठ्या प्रमाणावर कापूस पाठवण्याचा पहिला प्रयोग पेस्तनजींच्या पेढीने केला. कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. खामगावला रुई दाबण्याचे पहिले यंत्रही याच पेढीने बसवले. शेतकऱ्यांना ती पिकावर आगाऊ रकमा देई. औरंगाबादची टांकसाळ पेस्तनजींकडे होती आणि तेथे पडलेल्या रुपयांना पेस्तनशाही म्हणत.

पामर आणि पेस्तनजी यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. पेस्तनजींचा पैसा निदान काही अंशी जमिनीत आणि पिकात उतरत होता, आणि कापसाच्या व्यापारामुळे मुलूख सुस्थितीत राहण्यात त्यांचे हित होते. परंतु राज्याला दिलेल्या कर्जाची फेड वसुलावरच अवलंबून राहिली. १८४१ मध्ये चंदुलाल यांनी या कर्जापोटी वऱ्हाडातील मोठा महसूल त्यांना लावून दिला. चंदुलाल पदावरून गेल्यानंतर, १८४५ मध्ये, त्यांना त्या परगण्यांतून बळाने हुसकावून लावण्यात आले. देणे पुरते न फेडता तारण मात्र परत घेतले गेले. पुढच्या सावकाराने व्याज वाढवून मागावे, याला एवढे कारण पुरे होते.

राजीनामा आणि मृत्यू

१८४० नंतर राज्याकडे कंटिंजंटच्या पगारालाही पैसा उरला नाही. चंदुलाल यांनी कंपनी सरकारकडून मोठे कर्ज मिळवण्याची खटपट केली. पण त्या बदल्यात कारभारच इंग्रजांच्या ताब्यात जाण्याचा धोका होता आणि निजामांना ते मान्य नव्हते. जनरल फ्रेझर रेसिडेंट असताना, सप्टेंबर १८४३ मध्ये, चंदुलाल यांनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर पेशकारी त्यांचे पुतणे राजा रामबक्ष यांच्याकडे गेली. १८४५ मध्ये चंदुलाल यांचे निधन झाले.

कंटिंजंटच्या पगारासाठी कंपनी आता स्वतःच पैसे आगाऊ देऊ लागली आणि अशा रीतीने कंपनीच निजामाची सावकार बनली. या थकबाकीच्या दबावाखाली १८५३ चा तह झाला. त्यानुसार वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनीकडे गेले. धाराशिव आणि रायचूर दुआब १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. तहाच्या पाठोपाठ दिवाण झालेले पहिले सालारजंग हे मुनीर-उल-मुल्क यांचे नातू. सावकार आणि जमादारांकडे अडकलेले तालुके त्यांनी सोडवून घेतले, मक्ते बंद केले आणि १८६५ च्या जिल्हाबंदीने पगारी तालुकदार नेमले. जमिनीच्या मोजणीची आणि दीर्घ मुदतीच्या साऱ्याची घडी मराठवाड्यात बसू लागली ती त्यानंतरच्या दशकात.

साहित्य आणि लोकाश्रय

चंदुलाल यांच्या दरबारात कवी, गायक आणि विद्वानांची वर्दळ असे. दिल्लीचे शायर शाह नसीर त्यांच्या आश्रयाला आले होते. प्रसिद्ध कवयित्री आणि गायिका माहलका बाई चंदा यांनाही त्यांचा आश्रय होता. ‘इश्रतकदा-ए-आफाक’ हा त्यांचा फारसी आत्मचरित्रपर ग्रंथ. गुरू नानकांच्या पंथावर त्यांची श्रद्धा होती. महाराजा रणजितसिंह यांच्याकडून शीख सैनिकांची तुकडी हैदराबादेत आली ती त्यांच्याच पुढाकाराने. त्या सैनिकांचे वंशज आज दखनी शीख म्हणून ओळखले जातात.

त्यांच्या घराण्यातील महाराजा किशनपर्शाद (१८६४ – १९४०) हे विसाव्या शतकात हैदराबादचे पंतप्रधान झाले. जुन्या हैदराबाद शहरातील चंदुलाल बारादरी ही वस्ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.